सरकारने बाजूला व्हावं म्हणणारा तिसरा पक्ष आपल्या गावात मत मागू शकेल का?

पऱ्हाटी_पांढरकवडा

राम राम मंडळी.

गाव पांढरकवड्यापासून बारा किलोमीटर. सात एकर कोरडवाहू, कपाशीत तूर, एका तुकड्यात सोयाबीन. राजकारणावर मी सहसा लिहीत नाही, पण दिवाळीपासून एक विषय डोक्यातून जात नाही.

भाचा नागपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत आला तो मोबाईलमध्ये अर्जेंटिनाच्या हावियेर मिलेईचे व्हिडिओ घेऊन. हा माणूस लाकूड कापायची मशीन हातात धरून प्रचारात उतरतो, सरकारी खर्च असा छाटीन म्हणतो, आणि २०२३ मध्ये जुन्या पक्षांना मागे टाकून राष्ट्राध्यक्ष होतो. पानठेल्यावर सात-आठ पोरं जमली आणि रात्री साडेदहापर्यंत तोच विषय. त्यांचं म्हणणं एवढंच: "मामा, एक बायांना महिन्याला १५०० देतो, मग २१०० म्हणतो, दुसरा ३००० म्हणतो. तुमच्या वाटेतून बाजूला होतो असं कोणीच म्हणत नाही."

इंग्रजीत याला लिबर्टेरियन म्हणतात, आपण स्वातंत्र्यवादी म्हणू. सरकारने पोलीस, न्यायालय, सीमा सांभाळावी. माणसाने काय पेरावं, कुठे विकावं, कितीला विकावं, यात पडू नये.

पोरांना हे नवीन वाटतं, मला वाटत नाही. आमच्या घरच्या कोनाड्यात आजोबांचा शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला अजून आहे. कापूस एकाधिकार खरेदी होती तेव्हा महाराष्ट्रातला कापूस राज्याबाहेर विकणं गुन्हा होता. पाटणबोरीच्या पुढे नदी ओलांडली की आदिलाबादचा बाजार, आणि मध्ये पोलिसांचा पहारा. आजोबा सांगत, रात्री बंडी जुंपायच्या आधी बैलांच्या गळ्यातली घुंगरं सोडून ती उशाखाली ठेवायची, म्हणजे सकाळी आजीला कळायचं की माणूस कुठे गेला. स्वतःच्या वावरातला, स्वतः निंदलेला, आजीने वेचलेला कापूस त्यांनी चोरासारखा नेला. हे सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज चढायचा.

आताचं घ्या. निंदणाला बाईचा रोज ३०० वर गेला आहे, आणि झड लागली की तेवढ्या पैशातही बाया मिळत नाहीत. पंधरा दिवस वावरात पाय टाकता येत नाही, नंतर गेलं तर गवतात कपाशी शोधावी लागते. म्हणून तणनाशक सहन करणारं एचटीबीटी बियाणं लोकांना पाहिजे. त्याला परवानगी नाही. गावात त्याचं नावच चोरबीटी. ते पाकीट मी हातात घेऊन बघितलं आहे: चकचकीत, वर फुटलेल्या बोंडाचं चित्र, कंपनीचा पत्ता नाही, लॉट नंबर नाही, बिल तर नाहीच. मागल्या वर्षी शेजाऱ्याच्या दोन एकरात निम्मंही उगवलं नाही. दुकानातलं बियाणं असतं तर कृषी विभागाकडे तक्रार झाली असती, पंचनामा झाला असता. तो तोंड दाबून बसला आणि दुबार पेरलं. बंदीने बियाणं थांबलं नाही, बिल थांबलं.

अकोट तालुक्यात अकोली जहागीरला १० जून २०१९ रोजी शेतकऱ्यांनी हेच बियाणं दिवसाढवळ्या पेरलं. तेव्हाच्या पर्यावरण कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि लाखाचा दंड होऊ शकतो हे माहीत असून पेरलं. मी तेव्हा गेलो नाही, याची खंत आहे.

आणि २०२५ मध्ये काय झालं बघा. १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ, आधी सप्टेंबरअखेर, मग वाढवून डिसेंबरअखेर. म्हणजे नेमकं आमच्या वेचणीच्या तोंडावर. अमेरिका, ब्राझीलमधून जो कापूस येतो तो बहुतेक तणनाशक सहन करणाऱ्याच वाणांचा. त्यांनी पिकवलेला चालतो, मी पेरला तर गुन्हा.

आता माझी अडचण. आईच्या खात्यात दर महिन्याला १५०० येतात. माझ्या खात्यात केंद्राचे वर्षाला ६०००, राज्याचे वेगळे. रेशनचं धान्य घरात आहे. तूर सरकारी खरेदीत गेली तर चार पैसे जास्त मिळतात म्हणून मीही नाव नोंदवतो. अशा घरातल्या माणसाने "सरकार, बाजूला हो" म्हणावं का? आणि म्हटलं तर गाव ऐकेल का? शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या सभांना लाखांनी लोक जात, तरी ती माणसं मतपेटीत कुठे गेली, हेही कोणी जुन्या माणसाने सांगावं. मनापासून विचारतो आहे.

जुना_बिल्ला_वणी

राम राम भाऊ. माह्यं वय ७२. बिल्ला अजून कुडत्याले लावतो. बोलतो तसंच लिहितो, समजून घ्या.

तुया आज्यानं केलं ते आमीबी केलं. १९७२ पासून एकाधिकार आला. कापूस सरकारलेच द्या, दुसऱ्याले इकाचा नाई. ग्रेडर म्हनन तो नंबर. चुकारा एकदम भेटे नाई, थोडा आता, थोडा मंग, बाकी अंतिम भाव ठरल्यावर. पोरीचं लगन उन्हाळ्यात अन् पैसा कवा येईन त्याचा पत्ता नाई. त्या टायमाले शरद जोशी साहेबानं आमाले पह्यल्यांदा सांगतलं का बापा, तू गरीब हायस तो आळशी म्हनून नाई, तुह्या मालाचा भाव सरकार पाडते म्हनून. भीक नको, हवे घामाचे दाम. हे ऐकून मी घरी आलो अन् रातभर झोपलो नाई. तवापासून कोनाच्या पाया पडलो नाई.

मताचं इचारलं त खरं सांगतो. साहेब सुरुवातीले सभेत म्हनत, मी मतं मागाले आलो त मले जोड्यानं मारा. लोकायच्या मनात ते पक्कं बसलं. राजकारन म्हंजे घान, आपुन आंदोलनवाले, असं आमीच गावोगाव शिकवलं. मंग १९९४ ले स्वतंत्र भारत पक्ष काढला. मी सोता प्रचाराले फिरलो. एका गावात पारावर एक म्हातारा बसला होता, माह्यासंगं जेलात होता तो. म्या मत मागतलं. तो काही बोलला नाई, निस्तं आपल्या पायातल्या जोड्याकडं पाह्यलं अन् मंग माह्याकडं. मले जे समजाचं ते समजलं.

२००४ ले साहेब राज्यसभेवर गेले ते भाजप-सेनेच्या पाठिंब्यानं. लोक म्हनाले, मंग तिसरा पर्याय राह्यला कुठीसा? त्याच साली राजुऱ्यातून वामनराव चटप पक्षाकडून इधानसभेत निवडून गेले. म्हंजे होतच नाई असं नाई. पन एक दोन जागी होते अन् तिथंच थांबते.

अनुदानाचं मनाले लावून घेऊ नको. भाव पाडून जे नेलं त्यातलं थोडं वापस येऊन राह्यलं. ते घे, अन् बोलनं बी सोडू नको.

झरीकर

दादा, बियाण्याचं म्हणणं पटलं. काका, तुमचंही. पण माझंही ऐका.

माझे आजोबा पाटलाच्या वावरात सालदार होते. पहाटे गोठा, रात्री जागल, वर्षाला ठरलेली ज्वारी आणि दोन धोतरं. सीलिंगमध्ये, म्हणजे कमाल जमीन मर्यादेच्या कायद्यात, निघालेल्या जमिनीतले तीन एकर आमच्या नावावर झाले. बरड जमीन, मुरूम वर आलेला, तरी आजोबांनी त्या दिवशी बांधावरची मूठभर माती फडक्यात बांधून घरी आणली, ती देव्हाऱ्यात होती. माझी बहीण नर्स झाली ती त्या तीन एकरांवर.

किसानपुत्र आंदोलनाची मंडळी सीलिंग कायदा, आवश्यक वस्तू कायदा आणि जमीन अधिग्रहण कायदा रद्द करा म्हणतात. दर १९ मार्चला उपवास करतात, चिलगव्हाणच्या साहेबराव करपे कुटुंबासाठी. आपल्याच जिल्ह्यातलं कुटुंब, १९८६ साली नवरा-बायको आणि चारही लेकरं आत्महत्येत गेली. त्या उपवासाला मीही बसलो आहे. आवश्यक वस्तू कायदा गेला पाहिजे, मान्य. व्यापाऱ्यावर साठ्याची मर्यादा घातली की तो खरेदी थांबवतो आणि पडतो आपलाच भाव. जमीन अधिग्रहणाचंही मान्य, वणीकडे कोळशासाठी गेलेली गावं मी पाहिली आहेत. पण सीलिंग? कोरडवाहूची मर्यादा ५४ एकर आहे. तुमच्या गावात तिथे कोण पोचलं आहे? ती उठवून मोकळा कोण होणार?

आणखी एक. आमच्या शेजारच्या पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, कोलामांची घरं आहेत. त्यांची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही, म्हणून ती त्यांच्याकडे उरली. उद्या तुमचा पक्ष म्हणेल, मालकाला विकायचं स्वातंत्र्य पाहिजे. दवाखान्याच्या एका बिलात अख्खं पोड जाईल. त्यांना काय सांगाल, ते मला आधी सांगा.

सोयाबीन_कारंजा

मिलेईचं नाव निघालं म्हणून लिहितो. त्याने २०२५ मध्ये तिथल्या सोयाबीनवरचा निर्यात कर ३३ टक्क्यांवरून २६ वर आणला. तिथला शेतकरी खूश होणारच. पण आपल्याकडे सोयातेल सगळ्यात जास्त येतं ते अर्जेंटिनातूनच. आणि इकडे ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्के केलं. तिकडून दार उघडलं, इकडूनही उघडलं, मध्ये आपलं सोयाबीन.

२०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम (जनुक बदललेली) सोयापेंड आणायला परवानगी दिली, डिसेंबरमध्ये वायदेबाजार बंद केला. २०२४ ला हमीभाव ४८९२, आणि मी ४१०० ने दिलं, कारण घरात लग्न होतं आणि खरेदी केंद्रावर बारदाना नव्हता. त्यामुळे सरकारच्या मध्ये पडण्याचा राग मलाही कमी नाही. पण भाच्याला विचारा, पक्का स्वातंत्र्यवादी आयात शुल्क शून्य करा म्हणेल. चालेल का? तुम्ही वर कापसाचं शुल्क माफ झालं म्हणून रागावलात. त्या विचाराच्या हिशोबाने तर ते बरोबरच झालं.

मिलेईचा दुसरा आकडाही पोरांना दाखवा. महागाई २०२३ ला २११ टक्के होती, २०२४ ला ११८ च्या आत आली, हे खरं. पण मधल्या सहा महिन्यांत गरिबी ५२.९ टक्क्यांवर गेली होती. नंतर ती ३८ वर उतरली, तरी त्या सहा महिन्यांत ज्याच्या घरची चूल थंड पडली त्याला कोणी मशीनचा व्हिडिओ दाखवू नये.

वर्धा_वावर

काका, बिल्ल्याचा फोटो टाका ना. आमच्या घरचा हरवला.

हिंगणघाटची_लेक

दादा, तुमच्या पोस्टमध्ये तीन बाया आहेत. रोज ३०० घेणारी, कापूस वेचणारी आजी, आणि १५०० घेणारी आई. सातबाऱ्यावर यातल्या कुणाचं नाव आहे?

माझ्या आजीचं आहे. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती काढली होती, बायकोच्या नावे जमीन करा म्हणून. आजोबा सभेतून आले आणि दुसऱ्या आठवड्यात तलाठ्याकडे गेले. भाऊबंद हसले. आजी सांगते, तिचं नाव लागलेला सातबारा आला तेव्हा तिने तो वाचता येत नसूनही उलटसुलट करून बघितला, आणि आजोबांना म्हणाली, यातलं माझं नाव कोणतं ते बोट ठेवून दाखवा. ते बोट ठेवलेली जागा तिने हळदीने खूण करून ठेवली होती. कागद आहे आमच्याकडे, पिवळा ठिपका अजून दिसतो.

सभांना बाया येत त्या यासाठी. आधी घरात मोकळं केलं, मग सरकारला मोकळं करा म्हटलं.

आता जी पोरं "फुकटचे १५००" म्हणतात, त्यांना एक सांगायचं आहे. माझ्या आईच्या आयुष्यातले तिच्या नावाने आलेले हे पहिले पैसे. त्यातून तिने चष्मा केला, नवऱ्याला न विचारता. तुमच्या पक्षाने आमच्या आईच्या चष्म्याला फुकटचं म्हटलं, तर तो पक्ष आमच्या गल्लीतून पुढे जाणार नाही. मला तो विचार आवडतो म्हणून कळवळून सांगते.

वसतिगृह_अमरावती

नमस्कार. मी राज्यशास्त्रात एमए करतो, गाव दारव्हा तालुक्यात. भाच्याला एवढं सांगा की या विचाराचा एक जुना पक्ष अमेरिकेत आहे, लिबर्टेरियन पार्टी, स्थापना डिसेंबर १९७१. दोन्ही मोठ्या पक्षांना लोक कंटाळले की त्याची चर्चा वाढते. २०१६ ला त्याच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला, गॅरी जॉन्सनला, साधारण ४५ लाख मतं पडली, ३.३ टक्के. २०२० ला ती १.२ टक्क्यांवर आली आणि २०२४ ला अर्ध्या टक्क्याच्याही खाली. बहुतेक राज्यांत ज्याला जास्त मतं तो ते राज्य जिंकला, ही तिथली पद्धत आपल्या मतदारसंघांसारखीच. मत वाया जाईल ही भीती तिसऱ्याला खाते.

पण आपल्याकडे याहून मोठं घडून गेलं आहे, आणि त्याची सुरुवात नागपुरात झाली. जानेवारी १९५९ च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने सामुदायिक सहकारी शेतीचा ठराव केला. तुमची जमीन एकत्र करून कसायची. त्याच्या विरोधात राजाजी, प्रा. रंगा, मिनू मसानी यांनी त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष काढला. १९६७ ला लोकसभेत ४४ जागा, सगळ्यात मोठा विरोधी पक्ष. १९७१ ला ८ उरल्या, १९७४ ला पक्षच विलीन झाला. ओरिसा, राजस्थान, गुजरातेत त्याच्यामागे संस्थानिक आणि मोठे जमीनदार होते. झरीकर दादांच्या आजोबांना तो पक्ष आपला वाटला नसता, आणि का वाटला नसता हे दादांनीच लिहिलं आहे.

आज असा पक्ष काढायचा तर पहिलाच अडथळा कागदावर आहे. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे नोंदणीसाठी पक्षाला समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा लिहून द्यावी लागते. सरकारी मालकी आणि नियंत्रण नको म्हणणाऱ्याने नाव नोंदवतानाच खोटं लिहायचं. मला हे फार लागतं. शाकाहारी माणसाला दाराशीच मटण खाल्ल्याशिवाय आत घेणार नाही म्हणण्यासारखं आहे हे.

पऱ्हाटी_पांढरकवडा

सगळं दोनदा वाचलं. रात्री भाच्यालाही फोनवर वाचून दाखवलं.

कारंजाच्या भाऊंनी धरलं ते बरोबर धरलं. शुल्क माफ झाल्याचा राग आणि मोकळ्या बाजाराची मागणी एकत्र कशी, याचं उत्तर मी दिलंच नव्हतं. आता देतो. बाहेरचा माल येऊ द्या, मी घाबरत नाही, पण माझे हात आधी सोडा. ब्राझीलवाल्याचं बियाणं मला द्या, वायदेबाजार मला द्या, चांगला भाव लागला त्या वर्षी निर्यातबंदी नको. कांदेवाल्यांवर ८ डिसेंबर २०२३ ला ती आली आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत राहिली. हे सोडल्यावर शुल्क काढा. आधी माझे सोडा, मग त्यांचं दार उघडा. क्रम उलटा लावला तर ते स्वातंत्र्य आमच्यासाठी नाही. भाच्याला हे पटलं नाही, तो म्हणतो दोन्ही एकदम. चालू आहे आमचं.

झरीकर दादा, सीलिंगबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या देव्हाऱ्यातली माती वाचल्यावर घाईने देणारही नाही. पोडावर येऊ का एकदा? तिथल्या लोकांना काय हवं ते त्यांच्याच तोंडून ऐकतो.

काका, वणीला पुढच्या मंगळवारी बियाण्याचा हिशोब करायला येतो आहे. भाचा सोबत असेल. त्याला जोड्याची गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकायची आहे.

आणि ताई, तीन बाया मी मोजल्या नव्हत्या. चौथी घरात आहे, तिलाही नाही मोजलं. सात एकरांचा सातबारा माझ्या एकट्याच्या नावावर आहे. तुमच्या आजोबांनी तलाठ्याकडे काय अर्ज केला होता? आजीचं नाव सोबत लावलं होतं की काही एकर वेगळे करून दिले होते? तो हळदीचा कागद हाताशी असेल तर वरचा मजकूर दिसेल असा फोटो टाका, नाव-गट नंबर झाकून. मला नमुना पाहिजे.